सेल लागला, आता घेऊ का थांबू?

जूनअखेर स्टीमचा, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, समर सेल असतो आणि तो जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच होतो, अमुक गेम इतक्या टक्क्यांनी उतरलाय, घेऊन टाकू का. यावेळी म्हटलं सगळे पैशांचेच प्रश्न एकत्र घेऊ. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी छाटलीत.

प्रश्न (सांगली): दादा, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. लॅपटॉप साधा आहे, आय-थ्री, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हजार रुपये बाजूला काढलेत. रूममेट म्हणतो नव्वद टक्के सूटवाले दहा-बारा गेम उचल, जास्त गेम मिळतील. मला वाटतं दोन-तीनच घ्यावेत पण चांगले. कोणाचं बरोबर?

उत्तर: तुझं. रूममेटला सांग की नव्वद टक्क्यांवर दोन प्रकारचे गेम येतात, एक म्हणजे जे एवढे जुने झालेत आणि एवढे खपलेत की कंपनीला आता काही फरक पडत नाही, आणि दुसरे म्हणजे जे पूर्ण किमतीत कोणी हातात धरले नाहीत. पहिल्या प्रकारातला पोर्टल २ घे, डोळे झाकून. २०११चा गेम आहे, व्हॉल्व्हचा स्वतःचा, म्हणजे ज्यांचं स्टीम त्यांचाच, सेलमध्ये शंभरच्या आत येतो आणि तुझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालेल. कोडी आहेत पण कंटाळवाणी नाहीत, आणि दोघांनी मिळून खेळायचा को-ऑप भाग वेगळा आहे, तो त्या रूममेटबरोबरच खेळ म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.

दुसरा स्टारड्यू व्हॅली. २०१६मध्ये आला, एका माणसाने एकट्याने बनवला, चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं. शेती करायची, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या, खाणीत उतरायचं. ऐकायला बाळबोध वाटतं पण "आजचा दिवस संपवतो आणि झोपतो" म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात, परीक्षेच्या आठवड्यात इन्स्टॉल करू नकोस एवढंच सांगतो. पूर्ण किमतीतही तो महाग नाही आणि एवढ्या वर्षांनीही फुकट अपडेट येत राहिले, २०२४च्या मार्चमध्ये १.६ आला तो तर मोठाच होता. याची सूट फार खोल जात नाही, चाळीस-पन्नास टक्के दिसली की घेऊन मोकळा हो.

तिसरा हॉलो नाइट, २०१७चा. हा अवघड आहे, आधीच सांगतो. किड्यांचं पडकं राज्य, नकाशासुद्धा विकत घ्यावा लागतो, बॉसकडून, म्हणजे मोठ्या शत्रूंकडून, पंधरा-पंधरा वेळा मार खावा लागतो. काही लोकांना याचं वेड लागतं आणि काही लोक तासाभरात बंद करतात, मधलं काही नाही. आधी यूट्यूबवर अर्धा तास कोणाचं तरी खेळणं बघ, हात शिवशिवले तर घे. सेलमध्ये निम्म्या किमतीला हमखास येतो.

तिन्ही मिळून हजाराच्या आत बसतील, वर थोडे उरतील. उरलेले स्टीमच्या वॉलेटमध्ये (आगाऊ पैसे भरून ठेवायच्या खात्यात) राहू देत. "उरलेत तर अजून एक काहीतरी टाकू" या मोहानेच लोकांच्या लायब्ररीत न उघडलेल्या गेमचा ढीग लागतो, आणि त्या दहा-बारा गेमपैकी तू किती इन्स्टॉल करशील ते तुलाही माहितीये.

प्रश्न (नाशिक): हे सेलवाले आधी भाव वाढवतात आणि मग सूट दाखवतात असा माझा दाट संशय आहे. दुकानात तेच चालतं, इथे वेगळं कशावरून?

उत्तर: संशय रास्त आहे पण स्टीमवर हे इतकं सरळ करता येत नाही. तिथे नियम आहे की किंमत वाढवली तर त्यानंतर ३० दिवस त्या गेमवर सूटच लावता येत नाही. म्हणजे आज वाढवली, उद्या "सत्तर टक्के सूट" असा बोर्ड लावला, हे बंद. पण हळूहळू होतं ते होतंच. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉल्व्हने वेगवेगळ्या देशांसाठी किमती काय असाव्यात याचा तक्ता नव्याने काढला आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी रुपयातल्या किमती वर नेल्या. आता गंमत बघा. एखादा गेम आधी ३,००० ला होता आणि ५० टक्क्यांवर आला तर १,५०० पडायचा. तोच आता ४,००० चा झालाय आणि ६० टक्क्यांवर आलाय, तर पडतो १,६००. सूट जास्त, पैसेही जास्त. हिरव्या चौकोनातला तो टक्का बघून आपण खूश होतो आणि शंभर रुपये जास्त देऊन येतो.

म्हणून टक्का बघूच नका. स्टीमडीबी नावाच्या साइटवर जा, गेमचं नाव टाका, चलन रुपया निवडा, आजवरची सगळ्यात कमी किंमत आणि ती कधी होती ते समोर येतं, खाली सगळा आलेख असतो. त्यात एक पायऱ्यांसारखी रेघ दिसते. पहिल्या वर्षी वीस टक्के, मग तेहेतीस, मग पन्नास, असं कंपनी एकेक पायरी उतरत जाते. आजची किंमत तळाच्या किमतीएवढी असेल आणि पुढची पायरी यायला वेळ आहे असं वाटत असेल तर घ्या. तळ जर गेल्या सेलमध्ये याहून खाली गेलेला असेल तर थांबा, तो पुन्हा तिथे येतोच. आणि स्टीम सोडून बाकीच्या दुकानांतही बघायचं असेल तर इज देअर एनी डील नावाची साइट आहे, तिथे सगळ्यांचे भाव शेजारीशेजारी दिसतात.

अजून एक. सेल सुरू झाल्या रात्री साडेदहाला (हिवाळ्यात साडेअकराला) सगळे एकदम तुटून पडतात, पान उघडत नाही, पेमेंट अडकतं, आणि लोक घाबरेघुबरे होऊन रिफ्रेश मारत बसतात. कशासाठी? पूर्वी फ्लॅश डील असायच्या, काही तासांपुरत्या, तेव्हा धावपळ ठीक होती. २०१५च्या शेवटी त्या बंदच झाल्या. आता पहिल्या रात्री जी किंमत असते तीच शेवटच्या दिवशी असते. जेवा, झोपा, रविवारी निवांत घ्या.

प्रश्न (ठाणे): माझा मुलगा नववीत आहे. तो स्टीमवर गेम घेण्यासाठी माझं कार्ड मागतो. सरकारने ऑनलाइन गेमिंगवर बंदी घातली ना? मग हे चालतं कसं? आणि कार्ड द्यावं का?

उत्तर: ताई, बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर, रमी वगैरे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तो त्यासाठी आहे. तुमचा मुलगा जे मागतोय ते म्हणजे एकदा पैसे देऊन गेम विकत घेणं, त्याला काही अडचण नाही.

कार्ड मात्र सेव्ह करून देऊ नका. वॉलेटमध्ये ठरावीक रक्कम तुम्ही स्वतः यूपीआयने भरा, तेवढ्यात त्याने भागवायचं, पॉकेटमनीचाच हिशोब. त्याहून बरं म्हणजे स्टीम फॅमिलीज चालू करा. एकाच घरातले सहा जण त्यात येतात, एकाने घेतलेले बहुतेक गेम दुसऱ्याला खेळता येतात, आणि मुलाचं खातं तुमच्या देखरेखीखाली ठेवता येतं. त्याने कार्टमध्ये काही टाकलं की तुम्हाला विचारणा येते, तुम्ही हो म्हणाल तर खरेदी होते. रोज किती तास खेळायचं तेही तिथेच ठरवता येतं (यावरून घरात भांडण होईल, ते माझ्यावर ढकलू नका).

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. खरा धोका महागड्या गेमचा नसतो, फुकट गेमचा असतो. काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे, पण त्यात पेट्या असतात, त्या उघडायची चावी विकत घ्यायची, आत बंदुकीचा कुठला रंग निघेल ते नशिबावर. चांगला निघाला तर तो विकताही येतो. मुलांना याची चटक लागते आणि शंभर-दोनशे करत कधी हजार जातात कळत नाही. दीड हजाराचा गेम मागितला तर एकवेळ द्या, पण चावीसाठी मागितले तर आधी बसवून बोला.

प्रश्न (हिंजवडी): ऑफिसात आमचे तीन तट पडलेत. एकाचं म्हणणं रेड डेड रिडेम्प्शन २ घ्या, दुसऱ्याचं विचर ३, तिसऱ्याचं सायबरपंक २०७७. तिन्ही सेलमध्ये आहेत. माझा पीसी १६५० ग्राफिक्स कार्डवाला, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) आणि एक टीबीची जुनी हार्डडिस्क. वेळ फक्त शनिवार-रविवार. निकाल द्या.

उत्तर: तुमच्या मशीनवर पहिला बाद होतो तो सायबरपंक. २०२०च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, २०२३च्या सप्टेंबरमध्ये २.० अपडेट आल्यावर त्याच लोकांनी डोक्यावर घेतला, आणि आता खरंच फार सुंदर गेम झालाय, पण त्याच सुमारास कंपनीने किमान गरजही वाढवली. आता ६ जीबीचं १०६० कार्ड, १२ जीबी रॅम आणि एसएसडी लागते म्हणतात. तुमचं १६५० त्याच्या खाली. सेटिंग पाडून कसाबसा चालवाल, पण ज्या गेमचं निम्मं सुख रात्रीच्या शहरातले दिवे बघण्यात आहे तो धूसर करून खेळायचा म्हणजे काय अर्थ. कार्ड बदलाल तेव्हा घ्या, तोवर अजून स्वस्त झालेला असेल.

रेड डेड २ वर माझं प्रेम आहे आणि तरीही तुम्हाला नको म्हणतो. १५० जीबी जागा लागते, म्हणजे तो जाणार त्या जुन्या हार्डडिस्कवर, म्हणजे लोडिंगला तुम्ही चहा करून याल. त्यात तो मुद्दाम संथ बनवलाय. घोड्याला खरारा करा, बंदूक पुसा, छावणीत गप्पा मारा. ज्याला रोज संध्याकाळी तास-दोन तास मिळतात त्याच्यासाठी हे स्वर्गसुख आहे, पण शनिवार ते शनिवार खेळणाऱ्याला दर वेळी बटणं आठवण्यातच अर्धा तास जातो. शिवाय सुरुवातीचा बर्फातला भाग संपून खाली हिरवळीत उतरेपर्यंत दोन-एक तास जातात, आणि स्टीमची रिफंडची मुदतही दोनच तासांची आहे! म्हणजे गेम खरा कसा आहे हे कळतं तेव्हा परतीचं दार लागलेलं असतं.

राहिला विचर ३. तोच घ्या. तोही लांब आहे पण त्याच्या कथा सुट्या सुट्या आहेत, एका शनिवारी एक काम घेतलं, विहिरीतलं भूत काढलं, गावकऱ्यांशी पैशावरून हुज्जत घातली, संपलं. फक्त बेस गेम घेऊ नका, कम्प्लीट एडिशन घ्या, त्यात हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन हे दोन्ही जादा भाग येतात आणि सेलमध्ये फरक फार नसतो. ब्लड अँड वाइन तर एका वेगळ्या गेमएवढा आहे. आता कामाचं ऐका. २०२२च्या डिसेंबरमध्ये याला नेक्स्ट-जेन, म्हणजे नव्या ताकदवान मशीनसाठीचा, अपडेट आला आणि साध्या कार्डांवर गेम जड झाला. तुमच्याकडे अडखळला तर स्टीम लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात बेटाज, तिथे क्लासिक १.३२ निवडा. जुनी आवृत्ती डाउनलोड होते आणि १६५० वर मजेत चालते.

तुमच्या तिघा मित्रांनी एक नाव घेतलं नाही ते मी घेतो. राजी. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलाय, २०२०मध्ये आला. एक मुलगी, तिचा हरवलेला भाऊ, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. पाच-सहा तासांत संपतो, म्हणजे एका वीकेंडचा ऐवज. मारामारी थोडी कच्ची आहे, कॅमेरा मधूनच भलत्या ठिकाणी जातो, पुण्याचा आहे म्हणून मी ते लपवणार नाही. पण महाल आणि भिंतींवरची चित्रं बघत उभं राहावंसं वाटतं. पूर्ण किमतीत घ्याच असं म्हणणार नाही, सेलमध्ये दिसला तर नक्की.

प्रश्न (कोल्हापूर): फॅक्टोरिओ हा गेम दोन वर्षं विशलिस्टमध्ये (हव्या असलेल्या गेमच्या यादीत) पडलाय, एकदाही सूट नाही. बिघाड आहे का काही?

उत्तर: बिघाड नाही, धोरण आहे. त्या कंपनीने जाहीर सांगून टाकलंय की आम्ही कधीच सेल लावणार नाही. उलट २०२३च्या जानेवारीत डॉलरमधली किंमत ३० वरून ३५ केली! डेमो फुकट आहे, तो खेळा. डेमो संपवून झोप उडाली तर पूर्ण किमतीत घ्या, वाट बघण्यात काही हशील नाही.

प्रश्न (सोलापूर): एका साइटवर गेमची 'की', म्हणजे स्टीमवर टाकला की गेम मिळतो तो कोड, स्टीमच्या निम्म्या किमतीत मिळते. मित्राने घेतली, चालली. मी घेऊ का?

उत्तर: मित्राची चालली, तुमची चालेल याची हमी कोण देणार? या बाजारात की कुठून आली हे विकणारा सांगत नाही. कधी दुसऱ्या देशात स्वस्तात घेतलेली असते आणि आपल्याकडे लागतच नाही, कधी चोरीच्या क्रेडिट कार्डवर घेतलेली असते. त्या कार्डाच्या मालकाने बँकेत तक्रार केली की पैसे परत जातात, डेव्हलपरला वर दंड बसतो, आणि मग ती की रद्द होते. एक दिवस लायब्ररीतून गेम गायब. छोट्या डेव्हलपरना याचा इतका जाच झालाय की त्यांच्यातल्या काहींनी उघड म्हटलं, अशी की घेण्यापेक्षा गेम पायरेट केलात तरी चालेल.

सगळ्या बाहेरच्या की वाईट असतात असं नाही. हम्बलसारखी दुकानं कंपनीकडूनच की घेतात, तिथलं बिनधास्त घ्या, फक्त तिथे किंमत बहुतेक डॉलरमध्ये असते, बँक वर काय आकारते ते धरून हिशोब करा. ओळखायचं कसं? इज देअर एनी डील अधिकृत दुकानांचेच भाव दाखवतं. त्या यादीत जे दुकान नाही तिथे जाऊ नका.

प्रश्न (पुणे): न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, इंडियात गेम स्वस्त आहेत तर तू घे आणि मला गिफ्ट कर, मी पैसे पाठवतो. चालेल?

उत्तर: नाही चालणार, स्टीम अडवतं. दोन देशांतल्या किमतीत बराच फरक असला तर गिफ्ट जातच नाही. आणि त्याला सांगा व्हीपीएन लावून स्वतःला पुण्यात दाखवायच्या भानगडीतही पडू नकोस, भारतातल्या किमतीला भारतातलंच पेमेंट लागतं आणि खातं अडकलं तर आजवर घेतलेलं सगळं अडकतं. उलटं मात्र होतं. त्याला तुमच्यावर प्रेम असेल तर तो तिकडून डिजिटल गिफ्ट कार्ड पाठवू शकतो, तुमच्याकडे ते रुपयांत जमा होतं. फक्त तुम्ही दोघं स्टीमवर किमान तीन दिवस फ्रेंड असायला हवेत. तेव्हा आजच रिक्वेस्ट पाठवा, दिवाळीला आठवण करून द्या.

प्रश्न (अकोला): एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला गेम फुकट मिळतोच आहे, मग विकत घ्यायचंच कशाला?

उत्तर: घ्यायलाच पाहिजे असं कोण म्हणतंय. गुरुवारी रात्री साडेआठला, थंडीत साडेनऊला, नवा गेम लागतो, एकदा खात्यात घेतला की तो राहतो. २०२०च्या मे महिन्यात जीटीए ५ असाच वाटला होता, साइटच बसली होती त्या रात्री. डिसेंबरात तर रोज एक देतात. फक्त त्यांनी जे दिलं ते खेळायचं, आपल्याला हवं ते नाही. कोणता गेम येईल या आशेवर विशलिस्टमधलं अडवून ठेवू नका. आणि एक सवय लावा, एखादा गेम विकत घ्यायच्या आधी तो एपिकच्या लायब्ररीत आधीच पडलेला नाही ना ते बघा. हसू नका, कितीतरी लोकांकडे असतो.

प्रश्न (पणजी): मी सेलच्या चार दिवस आधी पूर्ण किमतीत गेम घेतला आणि आता तो निम्म्यावर आलाय. हळहळ वाटते. आणि दुसरं, विकत घेतलेला गेम कंपनी कधी काढून घेऊ शकते का?

उत्तर: हळहळत बसू नका, रिफंड मागा. घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, आणि लगेच सेलच्या किमतीत पुन्हा घेता येतो. स्टीमने स्वतःच लिहून ठेवलंय की याला आम्ही गैरवापर मानत नाही. दोन तासांत लाँचर (गेमआधी उघडणारी कंपनीची खिडकी) उघडा ठेवलेला वेळही मोजला जातो हे लक्षात असू द्या.

दुसऱ्याचं उत्तर, हो. युबिसॉफ्टचा द क्रू नावाचा रेसिंग गेम होता, एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेल्या सगळ्यांचा गेम बंद पडला. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स नावाची मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला की दुकानाने ग्राहकाला स्पष्ट सांगावं, आणि तेव्हापासून स्टीमच्या कार्टमध्येही खाली एक ओळ दिसते, तुम्ही जे घेताय तो परवाना आहे, मालकी नाही. सगळेजण ती न वाचता पुढे जातात.

म्हणून माझा आपला हिशोब असा, जो गेम सतत इंटरनेट मागतो त्याला मी सेलमध्येसुद्धा जास्त पैसे देत नाही, कितीही चांगला असो. आणि जो मनापासून आवडलाय, दहा वर्षांनी पुन्हा खेळावासा वाटेल, तो जीओजी नावाच्या दुकानात मिळतो का बघतो. तिथे गेमला कसलंही कुलूप नसतं, इन्स्टॉलर डाउनलोड करून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकून ठेवता येतो, आणि रिफंडला ३० दिवस देतात. वर हिंजवडीकरांना सांगितलेला विचर ३ तिथेही आहे, २०२५अखेरपर्यंत विचर बनवणाऱ्या कंपनीचंच घरचं दुकान होतं ते. सेलमध्ये दोन्हीकडचा भाव बघा, फरक फार नसेल तर तिथूनच घ्या.